चाळणी कोणी पळवली?

१

चाळणी दुसऱ्यांदा नाहीशी झाली, तेव्हा मात्र मॅडमचा धीर सुटला.

पहिल्या वेळी सगळ्यांनी मनाची समजूत घातली होती. कामाच्या गडबडीत कोणाचा तरी हात चुकला असेल, असं म्हणून जुनी प्रत आणून ठेवली आणि विषय मिटवला. पण तोच प्रकार पुढच्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच मिनिटाला पुन्हा घडला. आता याला चूक कोण म्हणणार? सोमवारी सकाळी साडेआठला मॅडमनी एका अनोळखी नंबरवर फोन लावला आणि पलीकडे बाईंनी तो उचलला.

इथे एक खुलासा करायला हवा. ही चाळणी स्वयंपाकघरातली नव्हे. शहरातल्या रक्तपेढीचा कारभार ज्या प्रोग्रामवर चालतो, त्याचा हा एक लहानसा तुकडा. कुठली पिशवी कुठल्या रुग्णालयाला जाईल, कुठली आधी द्यायची, कुठली मुदत संपली म्हणून बाजूला काढायची, हे चाळून सांगणं तिचं काम. असे दोनशेच्या वर तुकडे तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या भांडारात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या एका सामायिक कपाटात ठेवलेले असत. प्रत्येक तुकड्याला एक चिठ्ठी जोडलेली: मला चालायला अमुक अमुक तुकडे लागतात. दर सोमवारी सकाळी सात वाजता यंत्र मुख्य चिठ्ठी वाचून तिच्यातले तुकडे काढी, मग त्यांच्या चिठ्ठ्या वाचून आणखी तुकडे काढी, आणि सगळे एकमेकांत बसवून ताजा प्रोग्राम तयार करी. याला जुळणी म्हणत. एक तुकडा जरी सापडला नाही तरी यंत्र तिथेच अडून बसे. आज ते चाळणीपाशी अडलं होतं.

मागची जुळणी अजून चालू होती, त्यामुळे कोणाचं रक्त थांबलं नव्हतं. पण गुरुवारी दोन नवी रुग्णालयं या व्यवस्थेत यायची होती आणि नव्या जुळणीशिवाय त्यांना आत घेता येत नव्हतं.

बाईंना हे समजावून सांगायची गरज नव्हती. हा प्रोग्राम मुळात ज्या चौघांनी लिहिला, त्यांतल्या एक त्या स्वतः. बोलायला फटकळ, आणि भडकल्या की समोरच्याची धडगत नाही, म्हणून तेव्हा सगळे त्यांना ठिणगी म्हणत. बावीस वर्षांपूर्वी त्या नोकरी सोडून निघाल्या, त्या पुन्हा त्या कार्यालयाचा जिना चढल्या नव्हत्या. आता साठी उलटली होती आणि राग बराच निवला होता, निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं मत होतं.

आपण आता त्या कार्यालयाच्या प्रमुख आहोत, असं मॅडमनी सांगितलं. जुन्या कागदांत तुमचं नाव सापडलं म्हणाल्या. मग जरा घुटमळून मुद्द्यावर आल्या. भांडारातून कोणी काही काढलं की त्याची नोंद होते, आणि चाळणीच्या पुढे दोन्ही वेळा मास्तरांचं नाव आलं होतं.

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. मास्तर म्हणजे त्या चौघांतले एक, आणि इतकी वर्षं तिथेच टिकून राहिलेले एकटेच. बाई ज्यांच्याशी भांडून निघाल्या होत्या, तेही हेच.

येत्या शुक्रवारी मास्तर निवृत्त व्हायचे होते. रक्तपेढीच्या समितीने लेखी खुलासा मागितला होता. त्यात मास्तरांचं नाव लिहिलं, तर चौतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट निरोप समारंभाऐवजी चौकशीने होणार होता.

"मग अडलंय कुठे?" बाईंनी कोरडेपणाने विचारलं. "नाव तर मिळालंय तुम्हाला."

"अडलंय असं, ताई," मॅडम म्हणाल्या, "की गेल्या शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी नोंदीतले मास्तर चाळणी काढत होते, आणि खरे मास्तर माझ्यासमोर बसून चहा पीत होते."

२

खाली छपाईचं दुकान होतं ते अजून होतं, आणि जिन्यात शाईचा वास येत होता. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाईंना दोनदा थांबावं लागलं. दम लागला होता हे खरं. पण दुसऱ्यांदा त्या थांबल्या ते नुसत्या त्या वासासाठी.

आतलं सगळं बदललं होतं. पूर्वी इथे कपाटाएवढी यंत्रं घरघरत असत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद, आणि तो फाडताना होणारा तो आवाज. सोमवारची जुळणी तेव्हा सव्वा तास चाले. चौघं हातात कप घेऊन पडद्यापुढे उभे राहत आणि एकेक तुकड्याचं नाव वर सरकताना बघत. आपला तुकडा आला की जो तो उगाच घसा खाकरी. आता पांढरी टेबलं होती, माणसं कानाला यंत्रं लावून गप्प बसली होती आणि जुळणी चार मिनिटांत उरकत होती. बाईंना त्या शांततेत चुकल्यासारखं झालं.

पहिली गाठ पडली ती भांडाऱ्याशी. हा भांडार सांभाळणारा, पन्नाशीचा सावध माणूस; प्रश्नाचं उत्तर देण्याआधी चष्मा पुसायची त्याला सवय होती. भांडारात कोणाच्याही नावाने काहीही करायची मुभा फक्त त्यालाच, त्यामुळे संशयाची सुई त्याच्याकडे वळत होती आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. त्याने चष्मा पुसला आणि सांगितलं की पहिल्या वेळी चाळणी आपणच जुन्या साठ्यातून परत आणली. काढायचीच असती तर परत कशाला आणली असती? शिवाय त्याच दिवशी मॅडमच्या सांगण्यावरून मास्तरांची किल्ली काढून घेतली होती. गेला आठवडाभर मास्तरांना भांडारात नुसतं बघता येत होतं, हात लावता येत नव्हता. तरीही नोंद त्यांच्याच नावाची.

"वेळ नक्की काय होती?" बाईंनी विचारलं.

दोन्ही शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटं. सेकंदसुद्धा तेच.

बोलता बोलता त्याने भांडाराची यादी पडद्यावर आणली. ती सरकताना बाईंना मध्येच दोन नावं दिसली आणि त्या एकदम हसल्या. 'लंबू' आणि 'चष्मा'. भांडारी म्हणाला, हे रिकामे तुकडे आहेत, यांत काही नाही, पण मास्तर यांना हात लावू देत नाहीत. मग बाईंनी त्याला सांगितलं की या खुंट्या आहेत. चौघांतलं कोणी नोकरी सोडून गेलं की उरलेले त्याच्या टोपणनावाचा एक रिकामा तुकडा करत. आत एक ओळसुद्धा नाही. फक्त चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीत त्या माणसाने लिहिलेल्या तुकड्यांची नावं. म्हणजे मुख्य चिठ्ठीत माणसाचं नाव आणि माणसाच्या चिठ्ठीत त्याचं काम. माणूस गेला तरी दर सोमवारी जुळणीत त्याचं नाव वर सरकत राही. आणि एका तुकड्याचं नाव एकाच चिठ्ठीत लिहायचं, हा तेव्हाचा कडक नियम.

लंबूची खुंटी बाईंनीच केली होती. आपलं नाव यादीत कुठे आहे का, हे त्यांच्या डोळ्यांनी शोधलं, पण ते नव्हतंच. भांडून गेलेल्या माणसाची खुंटी कोण करणार?

दुसरा होता टापटीप. हे नाव त्याला मॅडमनी दिलं होतं. तिशीतला, हुशार, टेबलावर एक कागद वाकडा नाही. मास्तरांनंतर सगळं त्याच्याकडे जायचं होतं. त्याने बाईंपासून काही लपवलं नाही. चाळणी त्याला डोळ्यांसमोर नको होती. आपण नवी, सुटसुटीत लिहून दिली होती, मास्तरांनी ती तीन वेळा परत केली, असं तो मोकळेपणाने म्हणाला. "ताई, जुनी माणसं स्वतःच्या कामाच्या प्रेमात पडतात," हेही वर ऐकवलं. पण पहिल्या शुक्रवारी तो रजेवर, दुसऱ्या गावी लग्नात होता आणि दुसऱ्या शुक्रवारी चारच्या चहाला सगळ्यांबरोबर खाली.

जाता जाता त्याने विचारलं, चाळणीची जुनी प्रत उघडून दाखवू का? बाईंनी नको म्हटलं. बाईंची चाळणी मास्तरांनी केव्हाच फेकून दिली होती आणि ही दुसरी लिहिली होती, तिच्यासाठी समितीने मास्तरांचा सत्कारही केला होता, असं त्यांच्या कानावर आलं होतं. ती उघडायची आणि ती आपल्यापेक्षा चांगली निघायची, एवढा मोठेपणा बाईंकडे नव्हता.

"मास्तर कुठे बसतात?" त्यांनी विचारलं.

"आतल्या खोलीत," टापटीप म्हणाला. "पण एक सांगू? तुम्हाला बोलावलंय हे कळल्यापासून ते कोणाशी बोललेले नाहीत."

३

मास्तर खिडकीशी बसले होते. केस पांढरे झाले होते, खांदे जरा उतरले होते, आणि पेन्सिल मात्र तशीच कानावर. मास्तरांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. चुका शोधून लाल खुणा करायचे म्हणून ते नाव पडलं होतं.

"बस," ते म्हणाले. "जिना त्रास देतो ना?"

"देतो."

बावीस वर्षांनंतरचं पहिलं बोलणं एवढंच झालं. बाईंनी मग सरळ चौकशीलाच हात घातला. चाळणी कोणी काढली असेल? माहीत नाही. तुझी किल्ली आणखी कोणाकडे होती? कोणाकडे नाही. कोणावर संशय? नाही. मास्तर बोटाने टेबलावरची धूळ गोळा करत होते, आणि धूळ तिथे नव्हती.

"मग खुलाशात काय लिहायचं?"

"माझं नाव लिहा," मास्तर म्हणाले. "नोंदीत आहे ना? मग झालं. चार दिवस राहिलेत माझे. त्या पोरांवर कशाला शिंतोडे?"

बाईंना ते जुने दिवस आठवले. जुळणी अडली की मास्तर जेवणखाण विसरत. एकदा एका हरवलेल्या तुकड्यापायी त्यांनी दोन दिवस सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. चहावाल्यालासुद्धा सोडलं नव्हतं. आणि आज, स्वतःच्या नावाने, स्वतःचा तुकडा दोनदा नाहीसा होतो, आणि हा माणूस एकही प्रश्न विचारत नाही. कोणाला भेटलीस, काय सापडलं, काही नाही. ज्याला उत्तर माहीत असतं तोच असा गप्प बसतो, एवढं बाई त्यांना ओळखत होत्या.

पण मग ते चहा कसा पीत होते?

बाहेर येऊन त्या रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि नको नको म्हणताना ते भांडण डोळ्यांपुढे आलं. त्यांच्या चाळणीत एक जागा होती. मास्तरांनी ती समजावून मागितली. एकदा, दोनदा, मग सगळ्यांसमोर. बाई म्हणाल्या, तुला वाचता येत नसेल तर तो माझा दोष नाही. मास्तर म्हणाले, जे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही ते फेकून द्यावं. मी आठवड्यात नवीन लिहितो. बाईंनी पर्स उचलली आणि त्या निघाल्या. त्या दिवशी त्या सगळं खरं बोलल्या नव्हत्या. पण ते आता कोण विचारणार होतं?

चार वाजले. सगळे उठून चहाला निघाले, खुर्च्या सरकल्या, खोली रिकामी झाली. बाई एकट्या बसून त्या रिकाम्या टेबलांकडे बघत होत्या. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ताडकन उभ्या राहिल्या.

४

भांडाऱ्याला त्यांनी जिन्यातूनच परत बोलावलं.

"तुमच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक जुनं यंत्र असायचं. आहे का?"

होतं. त्याच्यावर कापड होतं आणि कापडावर रोपट्याची कुंडी. भांडारी म्हणाला, ते जुन्या छपाईच्या यंत्रासाठी आहे. आधीच्या माणसाने बंद करू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून तो ते बंद करत नव्हता. बाईंनी कुंडी उचलून बाजूला ठेवली. कापड काढल्यावर आतला पंखा मंद फिरत असलेला दिसला, आणि त्यांना अगदी भरून आलं. कोणाच्याही लक्षात नसताना हे बिचारं इतकी वर्षं काम करत होतं.

"माणूस दोन वेळा सेकंदावर सेकंद ठेवून चोरी करत नाही," त्या म्हणाल्या. "हे काम झाडूचं आहे."

झाडू त्यांनी आणि मास्तरांनी मिळून लिहिला होता. भांडारात अडगळ साचू नये म्हणून तो दर शुक्रवारी सगळ्या चिठ्ठ्या वाची, आणि ज्या तुकड्याचं नाव एकाही चिठ्ठीत नाही तो कोणालाच नको आहे असं समजून झाडून टाकी. चारला सगळे चहाला उठत. दहा मिनिटांत सगळे पांगले की भांडारात कोणी नसे, म्हणून चार दहाची वेळ. आणि तो मास्तरांच्या नावाने चाले, कारण त्या आठवड्यात बाई आपला पासवर्ड विसरल्या होत्या. मॅडमनी किल्ली काढून घेतली ती माणसाची. झाडूची जुनी किल्ली त्याच्याकडेच राहिली.

भांडाऱ्याने चष्मा पुसला. मग तो म्हणाला, "पण ताई, झाडू इतकी वर्षं आहे. चाळणीही आहे. मग आत्ताच का?"

प्रश्न चोख होता. बाईंनाही तोच पडला होता. प्रोग्रामला चाळणी हवी होती, तो तिला आतून नावाने हाक मारत होता, आणि ती भांडारात असली की त्या हाकेवरूनही यंत्राला सापडत होती. पण झाडू हाका ऐकत नाही, तो फक्त चिठ्ठ्या वाचतो. म्हणजे कुठल्या तरी चिठ्ठीतून चाळणीचं नाव गेलं होतं, आणि तेही पहिल्या शुक्रवारच्या आधी. सगळे जण शुक्रवारकडे बघत बसले होते, आणि घडायचं ते त्याच्या आधीच घडून गेलं होतं.

त्यांनी तीन सोमवारच्या जुळण्यांच्या याद्या छापून मागितल्या. आजची अडलेली. गेल्या सोमवारची, म्हणजे चाळणी परत आणून केलेली. आणि त्याच्या आधीची, जेव्हा सगळं सुरळीत होतं. कागद साधे होते, कडांना भोकं नव्हती, पण बाईंनी ते पूर्वीसारखेच जमिनीवर पसरले आणि गुडघे कुरकुरत असताना खाली बसल्या. भांडारीही बसला.

जुन्या यादीत दोनशे बारा नावं होती. गेल्या सोमवारच्या यादीत दोनशे अकरा. चाळणी दोन्हींत होती. म्हणजे चाळणीच्या आधी आणखी एक तुकडा गेला होता आणि तो गेला तेव्हा काहीच बिघडलं नाही, म्हणून कोणी ओरडलं नाही.

बाई बोट फिरवत खाली आल्या. एकशे साठाव्या नावाशेजारी बोट थांबलं. तिथे 'ठिणगी' असं लिहिलं होतं.

५

भांडाऱ्याने नोंदी काढून दिल्या. ठिणगी, रिकामा तुकडा. बनवला मास्तरांनी, बावीस वर्षांपूर्वी. बाई गेल्या त्यानंतर नवव्या दिवशी. काढला मास्तरांनीच, पहिल्या शुक्रवारच्या आधीच्या बुधवारी; मुख्य चिठ्ठीतलं त्याचं नावही तेव्हाच पुसलं. "रिकामाच होता, त्यांनीच केलेला, त्यांनीच काढला," भांडारी म्हणाला. "त्यात काय बघायचं, म्हणून मी बघितलं नाही."

त्या खुंटीच्या चिठ्ठीत एकच नाव होतं. चाळणी.

खुंटीवर टांगायचं ते त्या माणसाचं काम. बाईंनी चाळणीची जुनी प्रत उघडायला सांगितली. वर लेखक म्हणून मास्तरांचं नाव, आणि खाली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांची स्वतःची चाळणी. एक अक्षर बदललेलं नव्हतं. बाईंना आधी राग आला, चांगला जुन्या वेळेसारखा. हिच्याबद्दल सत्कार घेतला या माणसाने! मग बावीस वर्षं दर सोमवारी आपलं नाव या पडद्यावर वर सरकत होतं आणि एक माणूस ते एकटा उभा राहून बघत होता, हे ध्यानात आलं, आणि रागाला कुठे बसावं ते कळेना.

पाच वाजता मॅडमच्या खोलीत सगळे जमले. बाईंनी झाडूची गोष्ट सांगितली. टापटीप मान डोलावत ऐकत होता. त्याला एकदम खरं कोडं सुटल्याचा आनंद झाला होता. चाळणीचं नाव एका खुंटीच्या चिठ्ठीत होतं, बाई म्हणाल्या, ती खुंटी रिकामी म्हणून काढली गेली, मग चाळणीला कोणी वाली उरला नाही, आणि शुक्रवारी झाडूने ती अडगळ समजून झाडली. चोर कोणी नाही. चाळणी परत आणून ठेवा, तिचं नाव मुख्य चिठ्ठीत लिहा, उद्या सकाळी जुळणी होईल.

"खुंटी कोणी काढली?" मॅडमनी विचारलं.

बाईंना उत्तर माहीत होतं आणि ते तोंडाशी आलंही होतं. पण ते त्यांनी सांगितलं की पुढचा प्रश्न 'का?' असा येणार होता.

"मी काढली," मास्तर दारातून म्हणाले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

ते आत आले आणि उभ्या उभ्याच बोलले. मॅडमकडे बघून नाही, टेबलाच्या कडेकडे बघून. चाळणी माझी नाही, ते म्हणाले, हिची आहे. आठवड्यात लिहितो म्हणालो होतो, वर्षभर झगडलो, जमलं नाही. तोवर सगळ्यांनी नवी झाली असं धरून चालायला सुरुवात केली होती आणि मी नाही म्हणालो नाही. सत्कार झाला तेव्हाही नाही म्हणालो नाही. तेवढी खुंटी होती, तीच माझी कबुली. आता शुक्रवारनंतर हा पोरगा यादी उघडणार, ठिणगी कोण म्हणून विचारणार, म्हणून काढली. झाडू विसरलो होतो. सोमवारी जुळणी अडली आणि एका क्षणात आठवला. "पण झाडू सांगायचा म्हणजे खुंटी सांगावी लागते," ते म्हणाले. "त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं मला सोपं वाटलं."

टापटीपने कधी नव्हे ती मान खाली घातली. मॅडमनी थोडा वेळ हातातलं पेन उघडमीट केलं. समितीला काय घडलं ते जसंच्या तसं कळवते, त्या म्हणाल्या, झाडूसकट आणि चाळणीच्या खऱ्या लेखिकेसकट. मग मास्तरांकडे बघून त्यांनी सांगितलं की शुक्रवारचा समारंभ ठरल्याप्रमाणे होईल आणि तिथे हे दोन शब्द मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने बोलावेत. मास्तर हो म्हणाले. ते हो त्यांना जड गेलं, पण म्हणाले.

सगळे गेल्यावर दोघं आतल्या खोलीत येऊन बसले. पडद्यावर चाळणी उघडीच होती. बाईंनी काहीतरी लागेलसं बोलायचं ठरवलं होतं. बावीस वर्षांत तशी वाक्यं पुष्कळ तयार करून ठेवली होती. पण मास्तरांनी पडद्यावर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"एवढं सांग," ते म्हणाले. "आता सांगून टाक. ही ओळ. तारखेत सात मिळवतेस आणि खालच्याच ओळीत सात वजा करतेस. माझी सगळी वर्षं इथे गेली. काढली की पिशव्यांचा क्रम उलटासुलटा होतो, ठेवली की बरोबर. मी वह्याच्या वह्या भरल्या. तुझं डोकं माझ्यापेक्षा मोठं आहे हे मी केव्हाच मान्य केलं. फक्त एकदा ऐकायचंय, तू हे काय केलंस?"

बाईंनी त्या ओळीकडे पाहिलं. सहज काहीतरी सांगता आलं असतं. मास्तरांनी त्यावरही विश्वास ठेवला असता.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पेन्सिल खाली घेतली.

"तीन दिवस काहीच चालत नव्हतं. शेवटी वैतागून काहीबाही करून बघितलं, आणि हे टाकल्यावर चाललं. का चाललं, ते तेव्हाही कळलं नाही. तू सगळ्यांसमोर विचारलंस आणि मी घाबरले. तुला कळून चुकलंय असं वाटलं मला. म्हणून भडकले." बाईंनी पडद्यावरची नजर काढून मास्तरांकडे पाहिलं. "मी तुझ्यावर रागावून गेले नाही रे. मी पळून गेले."

मास्तरांच्या खांद्यांना हसू फुटलं, आधी आवाज न करता, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाईही हसल्या आणि हसता हसता रडल्या. दोघांनी एकमेकांना हुशार समजून बावीस वर्षं अबोला धरला होता.

"मग कोणाला माहीत आहे?" मास्तरांनी डोळे पुसत विचारलं.

"कोणालाच नाही."

मास्तरांनी आपली खुर्ची पडद्यासमोर ओढली, बाईंसाठी जागा केली आणि चाळणीची पहिली ओळ मोठ्याने वाचायला लागले.